संपलेली की पूर्ण झालेली?

फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत मिनपॅक नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, आहे. तिच्यातली मुख्य सबरूटीनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) उघडून पाहिली, की टिपणीत एक ओळ भेटते: अर्गोन नॅशनल लॅबोरेटरी, मिनपॅक प्रकल्प, मार्च १९८०. तिच्याखाली तीन लेखकांची नावं, आणि मग सरळ गणित. मोजमापांच्या ठिपक्यांच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा शोधायला ही लायब्ररी वापरतात. पायथन भाषेच्या सायपाय या लायब्ररीत 'कर्व्ह फिटिंग' करणाऱ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं हाच कोड राबत होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

हीच लायब्ररी एखाद्या नव्या भाषेतली असती तर? शेवटचा बदल कधीचा, तक्रारींना उत्तरं मिळतात का, किती जण ती सांभाळतात, हे आपण आधी पाहतो. दोन वर्षं हालचाल नसेल तर लायब्ररी मेली असं समजून पुढे जातो. नव्या भाषांत हा अंदाज बरेचदा बरोबर ठरतो, कारण तिथे भाषाच सतत बदलत असते. फोर्ट्रानचा पहिला कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, आयबीएमने १९५७ साली दिला. नंतर १९६६, १९७७, १९९० अशी मानकं येत गेली, तरी जुना कोड शक्यतो चालत राहील याची काळजी घेतली गेली. शिवाय समीकरणं सोडवण्याची रीत दर वर्षी बदलत नाही. अशा ठिकाणी एखादं सबरूटीन खरोखर लिहून पूर्ण होऊ शकतं. मग शांत पडलेली लायब्ररी पूर्ण झालेली आहे की नुसतीच संपलेली, हे ओळखायचं कसं?

जुनं ते सोनं म्हणून मोकळं होता येत नाही. आयबीएमच्याच सायंटिफिक सबरूटीन पॅकेजमध्ये 'रॅन्डू' नावाचं सबरूटीन होतं. यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या संख्या देणं हे त्याचं काम. आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचं, २ च्या ३१व्या घाताने भागून बाकी घ्यायची, झाली पुढची संख्या. पण ६५५३९ म्हणजे २ चा १६वा घात अधिक ३. याचा वर्ग करून पाहिला तर कळतं, की दुसऱ्या संख्येच्या सहापटीतून पहिलीची नऊपट वजा केली (आणि तशीच बाकी घेतली) की तिसरी संख्या नेमकी हाती येते! लागोपाठच्या तीन-तीन संख्यांचे त्रिमितीत ठिपके मांडले तर ते सगळे अवघ्या १५ प्रतलांवर पडतात. हे सबरूटीन १९६० च्या दशकात दूरवर पसरलं आणि त्यावर कितीतरी गणनं झाली. म्हणून 'पुष्कळ लोक वापरतात' ही साक्ष मी फार मोलाची धरत नाही.

त्यापेक्षा मी कोडची वंशावळ आधी पाहतो. एसीएम ही संगणकशास्त्रज्ञांची संघटना १९६० पासून अल्गोरिदम छापत आली आहे आणि १९७५ पासून तिचं गणिती सॉफ्टवेअरला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक आहे. तिथे शोधनिबंधासारखा कोडही परीक्षकांच्या हाताखालून जातो. १९८५ मध्ये नेटलिब हे अशा कोडचं भांडार सुरू झालं. ईमेल पाठवली की एक प्रोग्राम मागितलेलं सबरूटीन उलट ईमेलने धाडायचा, मध्ये माणूस नाही. लिनपॅक आणि आयस्पॅक या दोन लायब्ऱ्यांच्या पोटी १९९२ साली लॅपॅक ही समीकरणं सोडवणारी लायब्ररी आली. तिच्यासोबत तिच्या चाचण्यांचे प्रोग्रामही मिळतात. 'कोणीतरी कोणाकडून तरी आणलेली' आणि चाचण्यांविना फिरणारी फाइल मला इथेच नापास करावीशी वाटते.

पण वंश चांगला म्हणून काम भागत नाही. कोड जागच्या जागी असतो, जमीन त्याच्या पायाखालून सरकते. सीडीसी ६६०० या महासंगणकाचा 'शब्द', म्हणजे एका संख्येची जागा, ६० बिटांचा होता, क्रे-१ चा ६४ बिटांचा. तिथे साधं 'रिअल' (अपूर्णांकी संख्या) लिहिलं तरी सुमारे चौदा अंकांची अचूकता मिळायची. आज तेच 'रिअल' नेहमीच्या कंपायलरवर ३२ बिटांचं होतं आणि अचूकता सातेक अंकांवर येते. कोड कंपाइल होतो, चालतो, उत्तरही देतो. त्यातले निम्मे अंक गेले, हे कोणी सांगत नाही. काही जुन्या लायब्ऱ्यांत 'डी१मॅक' नावाचं छोटं सबरूटीन असतं. त्यात निरनिराळ्या यंत्रांचे स्थिरांक टिपण्यांत झाकून ठेवलेले असतात आणि आपल्या यंत्राच्या ओळी आपणच उघड्या करायच्या असतात. कोणीतरी भलत्याच यंत्राच्या ओळी उघडून ठेवलेली फाइल तुमच्या हाती पडू शकते.

सर्वांत छळवादी प्रकार मात्र वेगळाच आहे. जुने अनेक कंपायलर सबरूटीनमधली चलं ठरलेल्या जागी ठेवत, त्यामुळे मागच्या खेपेची किंमत पुढच्या खेपेला तशीच सापडायची. भाषेने याची हमी कधीच दिली नव्हती. त्यासाठी 'सेव्ह' लिहायला हवं होतं. ते न लिहिताही चालतंय म्हटल्यावर कोण लिहिणार? आजच्या कंपायलरवर अशा सबरूटीनची पहिली हाक (कॉल) बरोबर उत्तर देते आणि दुसरी वाटेल ते. जीफोर्ट्रान या आजच्या कंपायलरमध्ये जुनी सवय परत आणणारा 'नो ऑटोमॅटिक' हा पर्याय आहे. तो लावून आणि न लावून उत्तरं वेगळी आली, तर दुखणं इथेच असण्याची दाट शक्यता. आणि 'सेव्ह' लिहिलेलं असलं तरी आज दुसरी अडचण उभी राहते: दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे धागे) एकाच वेळी आत शिरले की ते एकमेकांची किंमत पुसतात. खुद्द लॅपॅकमध्ये यंत्राचे स्थिरांक काढणाऱ्या सबरूटीनला ही खोड होती. ती आवृत्ती ३.३ मध्ये गेली.

उलट काही धोक्याच्या घंटा खोट्या असतात. अॅरेची (म्हणजे संख्यांच्या यादीची) लांबी १ अशी जाहीर करून हजार घटक वापरलेले दिसले तर दचकू नये. १९७७ पूर्वीची ती रूढ युक्ती होती. सीमा तपासणारा पर्याय लावला की कंपायलर तिच्यावर ओरडतो. १ च्या जागी तारा (*) टाकला की ओरडणं थांबतं आणि खरी चूक असेल तर ती ऐकू येते.

आता माझी आवडती परीक्षा. हिल्बर्ट मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचा एक चौकोनी तक्ता, बनवायला सोपं: ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकांच्या बेरजेतून एक वजा करायचा आणि एकाला त्याने भागायचं. दिसायला गरीब, पण १० × १० आकाराला तिचा कंडिशन नंबर सुमारे १६ लाख कोटी होतो, म्हणजे आत शिरलेली बारीकशी चूक तितक्या पटीने फुगू शकते. डबल प्रिसिजनच्या (६४ बिटांच्या संख्येच्या) सोळा अंकांपैकी तेरा तिथेच जातात. सगळी उत्तरं १ येतील अशी समीकरणं रचून ती लायब्ररीकडून सोडवून घ्यायची. उत्तर चुकलं म्हणून लायब्ररी नापास होत नाही, चुकणं अटळच आहे. ती इशारा देते का, हे पाहायचं. लॅपॅकचं साधं डीजीईएसव्ही (डी म्हणजे डबल, जीई म्हणजे जनरल, एसव्ही म्हणजे सॉल्व्ह, सहा अक्षरांच्या मर्यादेत नावं बसवण्याची ती कसरत) इथे बिनतक्रार उत्तर देतं. पण त्याच्या शेजारचं डीजीईएसव्हीएक्स उत्तरासोबत कंडिशनचा अंदाज आणि चुकीची मर्यादाही हातात ठेवतं. असा शेजारी नसलेल्या लायब्ररीत तो अंदाज आपल्यालाच काढावा लागतो.

लायसन्सचं थोडक्यात. छापलेला किंवा उतरवून घेता येणारा कोड म्हणजे वाटेल तसा वापरायचा कोड नव्हे. एसीएमच्या संग्रहातल्या बऱ्याच अल्गोरिदमांना व्यावसायिक वापरासाठी वेगळी परवानगी लागते. लॅपॅकचं लायसन्स याबाबतीत फार मोकळं आहे.

लायब्ररी निर्दोष निघाली तरी आपण तिला हाक कशी मारतो, हे उरतंच. फोर्ट्रानच्या सबरूटीनला अक्षर पाठवलं की बहुतेक कंपायलर त्याची लांबीही गुपचूप सोबत पाठवतात. सी भाषेतून लॅपॅकला हाक मारणाऱ्या अनेक प्रोग्रामांनी ही लांबी कधी पाठवलीच नव्हती. आर या संख्याशास्त्राच्या भाषेतही हेच होत होतं. अक्षर एकच असायचं, लांबी कोणी वाचत नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. २०१९ च्या सुमारास जीफोर्ट्रान स्टॅकवरची (तात्पुरत्या माहितीच्या जागेतली) ती जागा आपली समजून पुन्हा वापरू लागला आणि न पाठवलेल्या लांबीच्या जागी असलेली दुसऱ्याची माहिती पुसली जाऊ लागली. आरमधली गणनं कोसळायला लागली, तेव्हा लॅपॅकमध्ये काय बिघडलं ते शोधायला माणसं धावली. तिथे बिघडलेलं काहीच नव्हतं.