करडा देवमासा : कुठे आणि केव्हा पाहावा

करडा देवमासा किंवा ग्रे व्हेल (शास्त्रीय नाव एश्रिक्टियस रोबस्टस) हा १२ ते १५ मीटर लांबीचा, दातांऐवजी टाळूला झालरी असलेला देवमासा आज फक्त उत्तर पॅसिफिक महासागरात उरला आहे. अटलांटिकमधली त्याची जमात अठराव्या शतकात संपली. अरबी समुद्रात तो येत नाही. कोकण किनाऱ्याला अधूनमधून लागणारे देवमासे ब्राइड्स किंवा निळे असतात.

इतर मोठे देवमासे पाहायला बहुधा खोल समुद्रात जावे लागते. करडा देवमासा किनारा धरून जातो, तळाच्या चिखलात चरतो आणि वर्षाचे वेळापत्रक सहसा मोडत नाही. त्यामुळे तो जमिनीवरून, बिनखर्चात पाहता येतो. मात्र ठिकाण आधी ठरवून सोयीची सुट्टी टाकणारे बरेचदा रिकाम्या समुद्राकडे बघून परततात. आधी तारीख पाहावी आणि तिच्यावरून ठिकाण ठरवावे.

वर्षाचे चक्र

उन्हाळ्यात बहुतेक देवमासे अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग व चुकची समुद्रांत खातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते दक्षिणेला निघतात. गाभण माद्या सर्वांत पुढे असतात. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यासमोरून ही लाट डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जाते, मध्य कॅलिफोर्नियात जानेवारीच्या मध्याला भर असतो आणि त्यानंतर काही दिवसांतच सॅन डिएगोला. जानेवारी-फेब्रुवारीत ते मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातल्या लगूनमध्ये, म्हणजे समुद्राला तोंड असलेल्या उथळ खाऱ्या सरोवरांमध्ये, पोहोचतात. जाऊन-येऊन हा प्रवास १६,००० ते २०,००० किमीचा होतो. १९८० नंतर दक्षिणेकडची लाट साधारण आठवडाभर उशिरा येऊ लागली, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांमधल्या तारखा जशाच्या तशा धरू नयेत.

परतीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून नुकत्याच गाभण राहिलेल्या माद्या, मग नर आणि तरणी जनावरे उत्तरेला निघतात. ऑरेगनमध्ये त्यांची गर्दी मार्चअखेर दिसते. पिल्लांच्या आया मात्र पिल्लू धष्टपुष्ट होईपर्यंत लगून सोडत नाहीत. त्या एप्रिल-मेमध्ये कॅलिफोर्नियावरून जातात, आणि त्याही अगदी किनाऱ्याला चिकटून, कारण पिल्लांवर टपलेल्या ओर्कांपासून (किलर व्हेलपासून) उथळ पाण्यात आडोसा मिळतो. मॉन्टेरे उपसागराची खोल दरी किनाऱ्याजवळ येते, तिथे हा आडोसा तुटतो. ओर्कांचे हल्ले एप्रिल-मेमध्ये तिथेच जास्त दिसतात.

बाहा कॅलिफोर्नियाची लगून

आयुष्यात एकदाच जायचे असेल तर इथे जावे. लगूनचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च असतो. जानेवारीत प्रसूती आणि समागम चालू असतात. देवमासे पुष्कळ, पण ते आपापल्या व्यवहारात. फेब्रुवारीच्या मध्यापासून एकटी जनावरे निघून जातात, आया आणि पिल्ले उरतात. होडीजवळ येऊन डोके वर काढणारी जनावरे पाहायची असतील तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हाच काळ. एप्रिलमध्ये पिल्ले मोठी आणि धीट असतात, पण संख्या झपाट्याने घटते.

तीन जागा मुख्य आहेत. ओहो दे लिएब्रे हे लगून ग्वेरेरो नेग्रो या मिठागरांच्या गावाशेजारी आहे आणि देवमाशांची सर्वाधिक संख्या बहुधा इथेच असते. १८५०च्या दशकात कॅप्टन चार्ल्स स्कॅमनने याच पाण्यात त्यांची कत्तल सुरू केली. दक्षिणेचा माग्दालेना उपसागर ला पाझ आणि लोरेतो या विमानतळांपासून एका दिवसात करता येतो. तिथे आया-पिल्लांसाठी पुएर्तो अदोल्फो लोपेस मातेओस हे गाव निवडावे.

तिसरे सॅन इग्नासिओ लगून. गावापासून सुमारे ६० किमी आत, किनाऱ्यावर थोडे तंबू आणि लाकडी खोल्या, बाकी वाळवंट. १९७२मध्ये पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला एक देवमासा येऊन घासला आणि त्याने हात लावला. तोवर इथले कोळी होडीच्या फळीवर काठी वाजवत या जनावरांपासून लांब राहत. ओहो दे लिएब्रे आणि सॅन इग्नासिओ ही दोन्ही लगून १९८८पासून एल विस्काइनो संरक्षित जीवावरणात आहेत आणि १९९३पासून जागतिक वारसा यादीत. सॅन इग्नासिओला प्रचंड मिठागर उभारण्याचा प्रकल्प देशविदेशांतून झालेल्या विरोधानंतर २०००मध्ये सोडून देण्यात आला. आज इथे पाहणीच्या पट्ट्यात एका वेळी १६ होड्याच सोडतात, प्रत्येकीला ९० मिनिटे. लगूनचा मोठा भाग होड्यांना पूर्ण बंद असतो.

होडी म्हणजे पांगा : सुमारे ७ मीटरची, उघडी, एका बाहेरच्या इंजिनाची. आठ-दहा माणसे बसतात. होडीवाला देवमाशाच्या मागे लागत नाही. तो पट्ट्यात जाऊन इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवतो. इंजिन पूर्ण बंद केले तर होडी कुठे आहे हे देवमाशाला समजत नाही आणि तो बहुधा येत नाही. यायचे की नाही हे सर्वस्वी त्याच्यावर असते. आला तर आधी पाण्याखाली फिकट, ठिपकेदार सावली सरकते, बुडबुडे येतात, मग होडीच्या कडेला नाक वर येते. त्या नाकावर जागोजाग एकेक राठ केस असतो, तोही दिसतो. अशा वेळी सगळे एका बाजूला धावले की होडी कलते. बसून राहावे, होडीवाला सांगेल तेव्हाच जागा बदलावी. हात लावण्याबाबतही त्याचेच ऐकावे. नाकपुड्या, डोळे आणि शेपटीपासून हात कायम लांब ठेवावा.

सकाळची फेरी घ्यावी, कारण दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि पाणी खवळते. आजूबाजूला वाळवंट असले तरी होडीत थंडी वाजते. पाणी न शिरणारे जाकीट, कानटोपी आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लागते. मोठी लेन्स इथे निरुपयोगी ठरते, देवमासा तिच्यात मावत नाही. एकाच फेरीवर भिस्त ठेवू नये. दोन दिवसांत तीन-चार फेऱ्या केल्या तर एखादी वाऱ्यात गेली तरी चालते.

सॅन डिएगोहून मोटारीने ग्वेरेरो नेग्रो सुमारे ७०० किमी पडते. एल रोसारिओ सोडल्यावर जवळपास ३५० किमी भरवशाचा पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी तिथेच भरावी. रात्री गाडी चालवू नये. रस्त्यावर गुरे बसलेली असतात. ग्वेरेरो नेग्रोच्या वेशीवर २८ अंश अक्षांशाची रेषा ओलांडताना हिवाळ्यात (मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत) घड्याळ एक तास पुढे जाते आणि ठरलेली होडी चुकण्याचे ते एक ठरलेले कारण आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण अमेरिकेत परतण्यासाठी पासपोर्टवरचा शिक्का अनेक प्रवेशांचा आणि मुदतीतला असावा लागतो. निघण्याआधी हे पुन्हा तपासावे.

कॅलिफोर्निया

डिसेंबरअखेर ते जानेवारीत सॅन डिएगोच्या पॉइंट लोमावरील कॅब्रिओ राष्ट्रीय स्मारक उत्तम : जमीन समुद्रापासून १२० मीटरच्या आसपास उंच आहे आणि उंचीमुळे देवमाशाच्या श्वासाचा फवारा लांबून दिसतो. लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्देसच्या पॉइंट व्हिसेंटेला स्वयंसेवक डिसेंबरपासून मेपर्यंत रोज मोजणी करतात. त्यांच्या शेजारी उभे राहिले की नवख्यालाही तासाभरात नजर बसते. उत्तरेकडे पॉइंट रेयेसचे दीपगृह आणि बोदेगा हेड. आया-पिल्लांसाठी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत पिएद्रास ब्लांकास. तिथे सरकारी शास्त्रज्ञ १९९४पासून पिल्ले मोजतात. होडीच्या फेऱ्या सॅन डिएगो, डेना पॉइंट आणि मॉन्टेरेहून निघतात. पॅसिफिकची लाट मोठी असते. उलटीची गोळी होडी सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, मळमळू लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

ऑरेगन आणि वॉशिंग्टन

ऑरेगनला लोक नाताळच्या आणि मार्चअखेरच्या ‘व्हेल वॉच’ आठवड्यांतच येतात. तेव्हा किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागांवर प्रशिक्षित स्वयंसेवक उभे असतात, हे खरे. पण डिसेंबरअखेर पाऊस आणि वारा असा असतो की कित्येकदा क्षितिजच दिसत नाही. खरा काळ जून ते ऑक्टोबर. उत्तर कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या किनाऱ्यावर सुमारे दोनशे करडे देवमासे आर्क्टिकला न जाता उन्हाळाभर इथेच चरतात. केल्प या उंच समुद्रशैवालाच्या रानात, खडकांना लागून, ते मायसिड खातात; हे जीव आपल्या जवळ्याएवढे बारीक. डेपो बेच्या समुद्रभिंतीवर उभे राहून त्यांचा फवारा ऐकूही येतो. जवळच बॉयलर बे, न्यूपोर्टचे याक्विना हेड आणि दक्षिणेला पोर्ट ऑर्फर्ड. प्रवासातला देवमासा पाच-सात मिनिटांत नजरेआड होतो, चरणारा मात्र तासन्‌तास त्याच शंभर-दोनशे मीटरमध्ये फिरतो. अलीकडे समुद्री अर्चिन हे केल्प खाणारे काटेरी जीव वाढून केल्प ठिकठिकाणी नष्ट झाले आहे. जिथे केल्प उरले नाही तिथे थांबू नये.

सिअॅटलजवळचा प्रकार आणखी वेगळा. साधारण मार्च ते मे या काळात वीसेक देवमासे वाट वाकडी करून प्युजेट साउंड या खाडीच्या उत्तर भागात, व्हिडबी आणि कॅमानो बेटांभोवती, घोस्ट श्रिंप नावाची चिखलात बिळे करणारी कोळंबी खायला येतात. ही कोळंबी भरतीच्या पट्ट्यातल्या चिखलात राहते, म्हणून देवमासाही भरतीलाच किनाऱ्याशी येतो, कुशीवर वळतो आणि चिखल तोंडात ओढतो. शेपटीचे अर्धे पाते पाण्याबाहेर उभे राहते. ओहोटीला त्याच जागी त्याने केलेले खड्डे उघडे पडतात. भरतीचे कोष्टक न पाहता गेलेला माणूस खड्डेच पाहून येतो. मुकिल्टिओहून क्लिंटनला फेरीबोट २० मिनिटांत जाते. तिथून लँगली गाव जवळ आहे, आणि देवमासा दिसला की वाजवायची घंटा तिथे किनाऱ्यावरच टांगली आहे.

आणखी उत्तरेला

व्हँकुव्हर बेटावरील टोफिनो आणि युक्लुएलेटला मार्च-एप्रिलमध्ये प्रवासी लाट आणि उन्हाळ्यात मोजके मुक्कामी देवमासे दिसतात. अलास्कात सीवर्ड आणि कोडियाक एप्रिल-मेमध्ये. मुख्य चराऊ समुद्र पर्यटकाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. रशियाच्या सखालिन बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर पश्चिमेकडचा छोटा कळप उन्हाळ्यात येतो. २०११-१२मध्ये त्यातल्या व्हार्व्हारा नावाच्या मादीने अंगावर लावलेल्या उपग्रह-यंत्रासह बाहापर्यंत जाऊन-येऊन सुमारे २२,५०० किमी कापल्याची नोंद आहे.

ओळख आणि शोध

पाठीवर कल्ला नाही, त्याच्या जागी बुटका उंचवटा आणि त्यामागे शेपटीकडे ६ ते १२ गाठी, ही पक्की खूण. हंपबॅक देवमाशाला छोटा कल्ला असतो. अंगावर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे पांढरे पुंजके आणि देवमाशाच्या उवांचे केशरी पट्टे दिसतात. फवारा ३ ते ४ मीटर उंच जातो आणि समोरून किंवा मागून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो. वाऱ्यात तो आकार लगेच मोडतो.

पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीमागे असते, म्हणून सकाळ निवडावी. पाण्यावर पांढरे फेस उमटू लागले की फवारे त्यात हरवतात. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिज डावीकडून उजवीकडे सावकाश न्याहाळावे. फवारा दिसला की मगच दुर्बीण उचलावी, ७×५० किंवा ८×४२. देवमासा १५ ते ३० सेकंदांच्या अंतराने ३ ते ५ श्वास घेतो, मग शेपूट वर काढून ३ ते ५ मिनिटे बुडतो. ताशी सुमारे ६ किमी, म्हणजे मिनिटाला १०० मीटर तो पुढे जातो. शेपूट दिसली त्या जागेवर डोळे लावून बसणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो त्या जागेपासून ३०० ते ५०० मीटर पुढे निघेल, नजर तिथे ठेवावी. पाण्यावर गोल, गुळगुळीत डाग दिसले तर ते त्याच्या शेपटीच्या फटक्याने उठलेले, आणि ते त्याची दिशा सांगतात.

अंतराचे नियम आणि आजची स्थिती

अमेरिकेत होडीने १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, लांब राहावे. कॅनडात १०० मीटर, विश्रांती घेणाऱ्या किंवा पिल्लू असलेल्या देवमाशापासून २००. आई आणि पिल्लू यांच्या मधून होडी कधीही नेऊ नये. मेक्सिकोत परवानाधारक होडीशिवाय पाण्यात जाता येत नाही आणि देवमाशांसोबत पोहायला बंदी आहे. परवानगीविना ड्रोन कुठेच उडवू नये.

शिकार थांबल्यावर ही जमात इतकी सावरली की १९९४मध्ये अमेरिकेने तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढले. २०१६च्या सुमारास पूर्वेकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या, कळपात सुमारे २७,००० जनावरे होती. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात ६९० मृत देवमासे किनाऱ्याला लागले, आणि २०२५चा अंदाज सुमारे १३,००० वर आला. त्या वर्षी उत्तरेला गेलेल्या पिल्लांची संख्या अवघी ८५च्या आसपास धरली गेली. आर्क्टिकच्या तळावरचे अँफिपॉड, म्हणजे त्यांचे खाद्य असलेले बारीक कवचधारी जीव, घटले, हे मुख्य कारण मानले जाते. म्हणून आता लगूनमध्येही पूर्वीइतकी पिल्ले दिसतील असे धरून जाऊ नये, आणि एका सकाळी दोन-तीनच देवमासे दिसले तर होडीवाल्याला आणखी जवळ, आणखी लांब न्यायचा आग्रह करू नये.

उपाशी देवमासा ओळखता येतो : नाकपुड्यांच्या मागे मान खोलगट झालेली, खांद्याच्या पात्याचे हाड कातडीखालून उठून दिसणारे. असे जनावर उथळ पाण्यात संथ पडलेले किंवा जाळ्याच्या दोरीत अडकलेले दिसले तर जवळ जाऊ नये, दोरी कापायला पाण्यात उतरू नये. कोणती बाजू, कोणती दिशा, दोरीचा रंग, जागा आणि वेळ टिपून लांबून फोटो काढावा आणि तटरक्षक दल किंवा सागरी सस्तन प्राण्यांच्या सरकारी मदतक्रमांकावर कळवावे. प्रशिक्षित पथक येईपर्यंत शक्य असेल तर लांबूनच त्याच्यावर नजर ठेवावी, कारण एकदा नजरेआड झालेला देवमासा पुन्हा सापडणे अवघड असते.