जावा टाकलंय, तरी 'जावासी' सापडत नाही म्हणतंय? परत इन्स्टॉल करण्याआधी हे वाचा

कॉलेजं सुरू झाली की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात, जावा तीनदा काढलं, तीनदा टाकलं, तरी 'इज नॉट रेकग्नाइज्ड' असंच येतंय, आता विंडोजच मारून द्या. थांबा जरा. विंडोज मारायची काहीच गरज नसते आणि त्यात तुमचा डेटा जायची भीती, म्हणून हे पत्रक काढलंय. जावासी म्हणजे जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम कंपाइल करणारी, म्हणजे चालवता येईल अशा रूपात बदलणारी कमांड.

जावा बहुतेक वेळा नीटच बसलेलं असतं. तुम्ही कमांड दिली की विंडोज एका यादीतले फोल्डर ओळीने उघडून बघतं, त्या यादीचं नाव पाथ, आणि ज्या फोल्डरात ती फाइल पहिल्यांदा सापडेल तीच चालवतं. यादीत जावाचा फोल्डरच नसेल तर शंभर वेळा इन्स्टॉल करा, सापडणार नाही.

खालच्या कमांड फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरशेल नको, तिथे यातल्या काही कमांड वेगळ्या चालतात. आधी टाका 'व्हेअर जावासी'. काहीच सापडलं नाही तर प्रोग्राम फाइल्समध्ये जावाच्या फोल्डरात जेडीके, म्हणजे प्रोग्राम बनवायचा पूर्ण संच, आहे का बघा, कारण बऱ्याच जणांकडे फक्त जेआरई असतं, त्यात प्रोग्राम चालतो पण कंपाइल होत नाही, जावासी त्यात नसतंच. जेडीके असेल तर पाथ सेट करायचा राहिलाय, एवढंच.

स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप केलं की एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स येतं, ते उघडून खालचं बटण दाबा. वर युजर व्हेरिएबल्स, खाली सिस्टिम व्हेरिएबल्स. खालच्या भागात न्यू करून जावा अंडरस्कोर होम बनवा, अक्षरं सगळी कॅपिटल, आणि व्हॅल्यूमध्ये जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता द्या, आतल्या बिन फोल्डरपर्यंत नाही, त्याच्या आधीपर्यंतच. ही चूक सगळ्यात जास्त होते. बिनसकट पत्ता दिला की मेव्हन आणि ग्रेडल ही प्रोजेक्ट बिल्ड करायची टूल्स दोन्ही रुसतात, जावा होम चुकीचं आहे म्हणतात आणि माणूस दुसरीकडेच शोधत बसतो. पत्त्याला अवतरणचिन्हं नकोत, शेवटी सेमीकोलन नको. मग त्याच खालच्या भागातला पाथ उघडा, न्यू दाबा आणि टक्का, जावा अंडरस्कोर होम, टक्का, बॅकस्लॅश, बिन असं लिहा. दोन्ही खालच्याच भागात ठेवा, होम वर आणि पाथ खाली असं केलं तर ते टक्क्यातलं नाव कधी कधी उलगडतच नाही.

ओके दाबून सगळ्या विंडो बंद करा, सीएमडी नव्याने उघडा. जुन्या विंडोत जुनाच पाथ असतो, व्हीएस कोड किंवा इक्लिप्स असा कोड लिहायचा एडिटर चालू असेल तर तेही बंद करून परत उघडा. अर्ध्या लोकांचं काम झालेलं असतं पण बघतात जुन्याच विंडोत. 'इको' आणि टक्क्यांमध्ये जावा होम टाकून बघा, पत्ता आला तर झालं, टक्क्यांसकट नावच परत आलं तर व्हेरिएबल बनलेलं नाही.

आता दुसरा त्रास, कंपाइल होतं पण रन करताना 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' येतं. म्हणजे मशीनवर दोन जावा आहेत, कंपाइल नव्याने होतंय आणि रन जुन्याने. त्या मेसेजमध्ये 65 आणि 52 असे आकडे दिसतील, त्यातून 44 वजा करा, 65 म्हणजे जावा 21 आणि 52 म्हणजे जावा 8. 'व्हेअर जावा' टाकलं की दोन-तीन ओळी येतील, पहिली ओळ जिंकते. बहुतेक वेळा पहिली ओळ कॉमन फाइल्समधल्या ओरॅकलच्या जावापाथ फोल्डरची असते, ओरॅकलचा इन्स्टॉलर ती स्वतःच टाकतो. पाथमध्ये तुमची ओळ निवडून मूव्ह अप दाबत तिच्या वर न्या. युजरच्या पाथमध्ये वर नेऊन उपयोग नाही, विंडोज सिस्टिमचा पाथ आधी बघतं.

आता कळकळीची विनंती. व्हिडिओ बघून 'सेटएक्स पाथ' ही कमांड मारू नका. ती 1024 अक्षरांच्या पुढचं सगळं कापून टाकते, वॉर्निंग देते पण लगेच खाली सक्सेस पण लिहिते, त्यामुळे लोकांचं लक्षच जात नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी गिट चालत नाही, नोड चालत नाही, अन् कशामुळे ते कळत नाही. पाथला हात लावण्याआधी सीएमडीत 'पाथ' टाइप करा, जे येईल ते नोटपॅडमध्ये सेव्ह करून ठेवा, दोन मिनिटं लागत नाहीत. आणि चुकून उडालाच, तर आधीपासून उघडी असलेली एखादी काळी विंडो असेल ती अजिबात बंद करू नका, तिच्यात जुना पाथ शाबूत असतो, तिथूनच कॉपी करून घ्या.

क्लासपाथ नावाचं व्हेरिएबल कुणी बनवायला सांगितलं असेल तर काढून टाका. जुन्या नोट्समध्ये ते असतं, आता लागत नाही, उलट त्यामुळेच समोर असलेला तुमचा क्लास 'कुड नॉट फाइंड' होतो.

पायथॉनवाल्यांसाठी थोडक्यात: पायथॉन टाइप केलं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस शोधून पायथॉनची बटणं बंद करा, आणि इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर खाली अ‍ॅड टू पाथची टिक असते ती करा, आपोआप झालेली नसते.

एवढं करूनही अडलं तर 'व्हेअर जावा', 'व्हेअर जावासी' आणि 'पाथ' या तिन्हीचा स्क्रीनशॉट काढून आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मशीन घेऊन यायच्या आधी, बऱ्याचदा त्यावरूनच सांगता येतं.