नेट कमी, मॅच जास्त: आचरेकर सरांच्या शिकवणीची पार्श्वभूमी

शिवाजी पार्कच्या पाच नंबर गेटपाशी डिसेंबर २०२४मध्ये रमाकांत आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हा त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी 'सचिनचे गुरू' एवढीच दिली गेली. ती खरीच आहे. पण शाळकरी मुलांसाठी सरांनी नेमकं काय केलं, ते त्यातून कळत नाही.

सर मूळचे मालवणचे, जन्म १९३२चा. नोकरी स्टेट बँकेत. बँकेच्या संघाकडून मोईनुद्दौला स्पर्धेत खेळलेला सामना हा त्यांचा एकमेव प्रथम श्रेणी सामना. पुढचं सगळं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलं. दयानंद बालक विद्यालय आणि मग दादरचं शारदाश्रम विद्यामंदिर या शाळांचे संघ त्यांच्याकडे होते, शिवाय पार्कात कामत मेमोरियल क्लब. शाळा आणि क्लब एकाच माणसाच्या हाती असल्याचा फायदा मोठा होता. चौदा वर्षांखालची जाइल्स शील्ड आणि सोळाखालची हॅरिस शील्ड या मुंबईतल्या आंतरशालेय स्पर्धा, एवढाच शाळेचा मुख्य मोसम. संघ लवकर बाहेर पडला, तर एखाद्या मुलाच्या वाट्याला वर्षात दोन-तीन डावही येत नाहीत. ही उणीव सरांनी क्लबच्या सराव सामन्यांनी भरून काढली.

नेटमध्ये, म्हणजे जाळी लावून केलेल्या सरावात, बाद झालेला मुलगा पुढच्या चेंडूला पुन्हा उभा राहतो. हवेत मारलेला फटका जाळीत अडकतो आणि झेल होता की चौकार, ते कळतच नाही. चुकीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून ती सवय बनते. सरांचा भर सामन्यांवर होता तो यासाठी. सचिनच्या शाळकरी वयातल्या एका उन्हाळी सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने झाले. सकाळी नेट, मग सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. एका मैदानावर डाव संपला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसरीकडे फलंदाजीला नेत.

सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत आणि गोलंदाजांना सचिनला बाद करायला सांगत, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यामागची योजना मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यासाठी सरावाची शेवटची पंधरा मिनिटं ठेवलेली असत दिवसभराच्या खेळाने पाय जड झाल्यावर. मैदानभर साठ-सत्तर मुलं क्षेत्ररक्षणाला, त्यामुळे उचलून मारला की झेल ठरलेला. फटका जमिनीलगतच ठेवावा लागे. बाद करणाऱ्याला नाणं, नाबाद राहिला तर सचिनला. त्यानंतर पॅड-ग्लोव्हजसकट पार्काला दोन फेऱ्या. थकल्यावर पाय हलेनासे होतात आणि लक्ष उडतं. सराव नेमका त्याच अवस्थेचा होता.

याच मुशीतून फेब्रुवारी १९८८ची भागीदारी आली. आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रम २ बाद ८४ असताना विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर एकत्र आले. ६६४ धावा जोडून दोघेही नाबाद राहिले: कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. डाव घोषित झाला २ बाद ७४८वर. हा विक्रम २००६मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून मोडला. आकडे थक्क करणारे आहेतच, पण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की चौदा आणि सोळा वर्षांच्या मुलांना एवढा वेळ खेळपट्टीवर उभं राहण्याची सवय होती.

या पद्धतीला किंमतही होती. चांगला संघ नसलेल्या शाळेत मुलगा अडकून पडे, म्हणून सर पालकांना शाळा बदलायला सांगत. सचिन वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रमात आला तो असाच. घरच्यांसाठी हा निर्णय सोपा नसे.

सरांना १९९०मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१०मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचं निधन झालं. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार हे सगळे त्यांचे विद्यार्थी: कुणी स्विंग टाकणारा, कुणी यष्टिरक्षक, कुणी ऑफस्पिनर. आमरे आणि कांबळी यांच्या फलंदाजीत तर काहीच साम्य नाही. सरांनी सगळ्यांना एका साच्यात बसवलं नाही. बॅटचा दांडा फार खाली धरण्याची सचिनची पकड पुस्तकी नव्हती; सरांनी ती तशीच राहू दिली.