कोल्हापुरातील वातानुकूलनाचे आराखडे: टनेजच्या वादामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखाद्या मंगल कार्यालयाचे, शोरूमचे किंवा रुग्णालयाचे वातानुकूलन ठरवायला बसले की चर्चा अजूनही 'किती टन', म्हणजे यंत्राची थंड करण्याची क्षमता किती, या प्रश्नापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. टनेजचा हा आकडा चौरस फुटांतील क्षेत्रफळाला शंभराने किंवा दीडशेने भागून काढलेला असतो. हीट लोडचा, म्हणजे जागेतून किती उष्णता आणि ओलावा काढायचा याचा, रीतसर हिशेब करावा की या ठोकताळ्यावर भागवावे, हा वाद जुना असला तरी कोल्हापूरच्या हवेमुळे त्याला येथे निराळे वजन आले आहे.

या शास्त्राचा उगम उकाड्यात नाही, ओलाव्यात आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली गेली, तिचे काम दमट हवेत कागद फुगून छपाईतील रंगांची जुळणी बिघडू न देणे हे होते. हवेतील उष्णता आणि बाष्प यांचा एकत्रित हिशेब मांडणारी सूत्रे १९११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजचा प्रत्येक हीट लोड त्यांच्याच पायावर उभा आहे. आपल्या भागातही हवेची निगा राखण्याची गरज प्रथम सुतामुळेच निर्माण झाली. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली आणि कोरड्या हवेत सूत तुटते ही अडचण दोन्हीकडे सारखीच होती. फरक एवढाच की तेथे हवेत ओलावा घालायचा होता, तर आजच्या इमारतींत तो काढायचा असतो.

राहत्या घरांना यंत्राची गरज फारशी नव्हती. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंची, उन्हाळ्यातही बऱ्यापैकी उतरणारे रात्रीचे तापमान, काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि उंच छत यांवर दुपार निभावून जात असे. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या नव्या राजवाड्यात भरउन्हात पाऊल ठेवले की दगडी बांधकामाचे सामर्थ्य लगेच जाणवते. पुढे काँक्रीटचा स्लॅब आला आणि चित्र उलटले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वरच्या मजल्यावर उष्णता सोडत राहतो. शंभर चौरस फुटांना एक टन हे प्रमाण अशाच खोल्यांना लागू पडणारे आहे: वर उघडा स्लॅब, एकेरी काचेच्या खिडक्या, उष्णता फेकणारे दिवे आणि जुने जाडजूड मॉनिटर. त्या परिस्थितीत ते अवाजवी नव्हते. नंतर एलईडी दिवे आले, गच्चीवर इन्सुलेशन होऊ लागले, काचा सुधारल्या आणि खोलीतील उष्णतेचा भार घटला, पण भागाकार तसाच राहिला.

ठोकताळ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशेच्या जागी आठशे माणसे येतात, दारे सताड उघडी राहतात, विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि एप्रिलच्या दुपारी हॉल थंड झाला नाही, तर जाब काँट्रॅक्टरलाच विचारला जातो. हातचे राखून टनेज देणे त्यांना शहाणपणाचे वाटते. मात्र अनेक कामांचे बिलही टनांवर ठरत असल्याने आकडा कमी सुचवणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, हेही नमूद करायला हवे.

खरी अडचण जुलैत दिसते. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता धरली, तर कोल्हापूरच्या उंचीवर एक किलो कोरड्या हवेसोबत सुमारे ११ ग्रॅम बाष्प असते. आत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता राखायची, तर तेथेही साधारण तेवढेच बाष्प असते. म्हणजे त्या दुपारी बाहेरून घेतलेल्या ताज्या हवेतून ओलावा काढण्याचे काम जवळपास नसतेच. जुलैत बाहेरचे तापमान २६ अंशांवर येते, पण ९० टक्के आर्द्रतेला तेच बाष्प सुमारे २० ग्रॅम होते. दोन्ही वेळी आतली स्थिती तीच ठेवली, तर पावसाळ्यातील ताज्या हवेचा एकूण भार उन्हाळ्यातील भाराच्या दीडपटीहून अधिक भरतो. त्याच वेळी भिंती, छत आणि काचा यांतून येणारी उष्णता मात्र फारच कमी झालेली असते.

अशा दिवशी गरजेपेक्षा मोठे, एकाच वेगाने चालणारे यंत्र काही मिनिटांतच खोली २४ अंशांवर आणते आणि कॉम्प्रेसर बंद होतो. पंखा चालूच राहिल्यामुळे कॉइलवर, म्हणजे यंत्रातील थंड नळ्यांवर, साचलेले पाणी निचरा होण्याआधीच पुन्हा हवेत मिसळते. खोली गार होते, पण ओली राहते. जाळीच्या कडेला थेंब धरतात, फॉल्स सीलिंगवर काळे ठिपके उमटतात, गालिच्याला कुबट वास येतो. चिकटपणा जाणवला की कर्मचारी सेटिंग आणखी खाली नेतात, पृष्ठभाग अधिक गार होतात आणि थेंब वाढतात. या तक्रारीवर उपाय म्हणून आणखी एक टन बसवला जातो, तेव्हा मूळ दोषच वाढवला जातो.

इन्व्हर्टर यंत्रांमुळे हा वाद मिटेल अशी अपेक्षा होती. वर्षभराच्या वापरावर आधारलेली कार्यक्षमतेची मोजणी २०१८ पासून सक्तीची झाली आणि बदलत्या वेगाच्या यंत्रांचा प्रसार वाढला. ही यंत्रे वारंवार बंद-चालू होत नाहीत हे खरे, पण मोठे यंत्र अगदी मंद गतीने चालले की कॉइल पुरेशी गार होत नाही आणि बाष्प काढण्याचे काम पुन्हा मागे पडते. २०२० पासून नव्या खोली-एसींचे मूळ सेटिंग २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. विजेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच आहे, परंतु त्याने तापमान ठरते, आर्द्रता नाही.

नियमांचा इतिहास मोठ्या इमारतींभोवती फिरतो. ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिची कक्षा १०० किलोवॅट जोडभार (बसवलेल्या उपकरणांची एकूण वीजक्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या व्यावसायिक इमारतींपासून सुरू होते. दोन-तीन मजली दवाखाना, बँकेची शाखा, अभ्यासिका ही आपल्याकडची नेहमीची कामे बहुधा त्या कक्षेबाहेरच राहतात. ताज्या हवेचा प्रश्न करोनाकाळात सर्वांच्या तोंडी आला. तोवर छोट्या कामांत भिंतीवरचे स्प्लिट किंवा छतातले कॅसेट एसी लावून आतलीच हवा फिरवली जात होती आणि तिला वातानुकूलन म्हटले जात होते.

कोल्हापूरच्या हिवाळ्यात खोल्या तापवण्याची वेळ क्वचितच येते. मात्र शस्त्रक्रियागृहात तासाला किमान २० वेळा हवा बदलावी, त्यांतील ४ वेळची हवा ताजी असावी आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहावी, असे रुग्णालयांच्या मानांकनाचे निकष सांगतात. जुलैत ते पाळायचे, तर बाष्प काढण्यासाठी हवा गरजेपेक्षा अधिक गार करून नंतर थोडी तापवावी लागते. भर पावसाळ्यात हीटर कशाला, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास येतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठच्या भागात यंत्रे आणि वीजपॅनेल तळघरात ठेवण्याचे धाडस करता येत नाही. ती गच्चीवर न्यायची, तर स्लॅबवरील वजन, पाइपची लांबी आणि शेजाऱ्यांना होणारा आवाज यांचा विचार वास्तुरचनेच्या पहिल्या नकाशापासूनच करावा लागतो. ताजी हवा वेगळ्या यंत्रातून आधी कोरडी करून खोलीत सोडायची आणि खोलीची उष्णता लहान यंत्रांवर सोपवायची, ही मांडणी कोल्हापूरच्या हवेला अधिक जुळते. ती आता काही आराखड्यांत दिसू लागली आहे. अंदाजपत्रकाला कात्री लागली की सर्वांत आधी वगळले जाते, ते हेच ताजी हवा कोरडी करणारे यंत्र.