टेन रागाज टू अ डिस्को बीट : एक तबकडी आणि तिचे श्रोते

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली आणि एचएमव्हीने काढलेली इलेक्ट्रॉनिक संगीताची लाँगप्ले तबकडी. तिच्यात दहा राग आहेत. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे मिळतात आणि सगळ्यांखाली डिस्कोचा न थांबणारा ठेका चालतो. निघाली तेव्हा ती खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या नृत्यसंगीताच्या श्रोत्यांमध्ये तिच्यावरून मोठा वाद झाला. एकाच तबकडीबद्दल इतकी परस्परविरोधी मते क्वचितच ऐकायला मिळतात. या नोंदीचा भर त्या मतांवर आहे.

वादक आणि त्याची यंत्रे

चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले वादक होते. संगीतकार कोणीही असो, ध्वनिमुद्रणाच्या वेळी मागच्या रांगेत बसून गिटार, बास गिटार, व्हायोलिन किंवा कळफलकाचे वाद्य वाजवणाऱ्या आणि तबकडीवर बहुधा नाव न येणाऱ्या मंडळींपैकी ते एक. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईच्या स्टुडिओंमध्ये त्यांनी काम केले. चित्रपटगीतांच्या धून वाजवलेल्या तबकड्याही त्यांच्या नावावर आहेत. परदेशातून आलेले नवे वाद्य हाताळून पाहण्याची त्यांना ओढ होती. सिंगापूरहून आणलेला रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर त्या काळात मुंबईतल्या फार थोड्या वादकांकडे असेल.

ज्युपिटरच्या जोडीला त्याच कंपनीची आणखी दोन यंत्रे होती. टीआर-८०८ हे तालयंत्र, आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची लहानशी पेटी. घरी सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासवादकाची साथ मिळावी, म्हणून जपानमध्ये ३०३ तयार झाली. त्या कामात ती अपयशी ठरली. तिचा आवाज बास गिटारसारखा वाटत नव्हता आणि तिच्यात सुरावट भरणे किचकट होते. कंपनीने १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. पण या पेटीत दोन गुण होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि आवाज गाळणाऱ्या फिल्टरची खुंटी वादन चालू असतानाच फिरवता येत होती. खुंटी फिरली की तोच स्वर कधी बुडबुड्यासारखा, कधी किंचाळल्यासारखा उमटतो.

८०८ आणि ३०३ एकमेकींना तारेने जोडता येतात, म्हणजे दोघी एकाच लयीत चालतात. ताल आणि बास यंत्रांवर सोपवून चरणजित यांनी राग ज्युपिटरवर स्वतःच्या हाताने वाजवला. या तबकडीमागची कल्पना त्यांनी नंतर मुलाखतीत अगदी साधेपणाने सांगितली. त्या वर्षी चित्रपटांमध्ये जिकडेतिकडे डिस्को चालले होते. मग तबला बाजूला ठेवून रागालाच डिस्कोचा ठेका का देऊ नये, असे त्यांना वाटले.

१९८२ चे कान

त्या काळचे डिस्को म्हणजे काय, हे आठवले की तबकडी का खपली नाही ते कळते. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून डिस्कोची लाट सुरू झाली होती आणि १९८२ च्या अखेरीस आलेल्या ‘डिस्को डान्सर’ने ती शिगेला पोचवली. त्या लाटेतले प्रत्येक गाणे शब्दांवर, आवाजावर आणि पडद्यावरच्या चेहऱ्यावर उभे होते. चरणजित यांच्या तबकडीत ना गायक, ना शब्द, ना चित्रपट. नाचायला निघालेल्या गिऱ्हाइकाला मुखपृष्ठावरचे ‘राग’ हे नाव परके वाटले असेल. रागाच्या ओढीने दुकानात येणाऱ्याला परत फिरवायला ‘डिस्को’ हा शब्दच पुरेसा असणार. एचएमव्हीची शास्त्रीय तबकड्यांची मांडणी एका भिंतीला आणि चित्रपटगीतांची दुसऱ्या भिंतीला असे, आणि ही तबकडी कोणत्याच भिंतीची नव्हती.

पुन्हा सापडली ती अशी

२००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ही तबकडी मिळाली. हिंदी चित्रपटसंगीताचा शोध घेत ते भारतात हिंडत असत. पुढे मुंबईत त्यांनी चरणजित यांना गाठले आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे तबकडी पुन्हा काढली.

पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. अनेकांना ही बनवाबनवी वाटली. कोणीतरी आजच्या काळात हे संगीत तयार करून त्याला जुने मुखपृष्ठ चिकटवले आहे, असा त्यांचा संशय. यामागे एफेक्स ट्विन या नावाने वावरणारा, खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेला ब्रिटिश संगीतकार असावा, अशीही कुजबुज झाली. हा संशय समजण्याजोगा आहे. ३०३ चा तो घसरणारा, बुडबुडणारा बास म्हणजे ‘अ‍ॅसिड हाऊस’ या संगीतप्रकाराची ओळख, आणि अ‍ॅसिड हाऊसचा जन्म शिकागोतला. ‘फ्यूचर’ या त्रयीने एक सेकंडहँड ३०३ घेतली, खुंट्या फिरवत बसले, आणि त्यातून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ तयार झाले. ते तबकडीवर आले १९८७ मध्ये. मुंबईच्या तबकडीवर १९८२ हे वर्ष होते. इतिहास ज्यांना पाठ होता त्यांना ती पाच वर्षे पचेनात. पण एचएमव्हीच्या मूळ प्रती संग्राहकांकडे होत्या आणि वादक स्वतः मुंबईत हयात होता. बनवाबनवीचा संशय टिकला नाही.

‘आधी कोणी केले?’

संशय फिटताच उत्साह दुसऱ्या टोकाला गेला. अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक शिकागोतला नसून मुंबईतला एक शीख वादक आहे, असे मथळे आले. भारतीय श्रोत्यांना, त्यात मराठीही आले, हे ऐकून छाती फुगवावीशी वाटली. हा आनंद खोटा नाही, पण ‘जनक’ हा शब्द इथे लागू पडत नाही. ही तबकडी शिकागोत कोणी ऐकली होती याला आधार नाही. चरणजित यांनाही अ‍ॅसिड हाऊस नावाचे काही असते हे त्या वेळी माहीत असणे शक्य नव्हते. ३०३ वापरणारे ते एकटेही नव्हते. त्याच सुमारास इंग्लंड आणि इटलीतल्या गाण्यांमध्येही ही पेटी ऐकू येते.

वादाची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी मांडत नाही. शिकागोच्या मंडळींनी ३०३ च्या खुंटीलाच गाणे केले. त्यांच्या संगीतात सुरावट तीच राहते आणि आवाजाचा पोत बदलत जातो. तो बदल हाच ऐकण्याचा विषय. चरणजित यांच्याकडे ३०३ साथीला आहे. ती रागाच्या स्वरांत फिरते, सप्तकांत उड्या मारते, पुन्हा मूळ जागी येते, पण लक्ष वेधून घेते ती वर चाललेली हाताची धून. दोन्हींचा आवाज सारखा, कारण पेटी एकच आहे. दोन्हींतले संगीत वेगळे आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर पुढे वाढलेल्या ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताशी लोक या तबकडीची तुलना करतात, तेव्हाही हाच घोटाळा होतो. आधी कोणी केले, या प्रश्नाने तबकडीला श्रोते मिळवून दिले आणि त्याच श्रोत्यांना ती नीट ऐकू दिली नाही.

हा राग आहे का?

ज्यांचे कान मैफलीत तयार झाले त्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो अधिक खोलवर जातो. त्यांचे म्हणणे, इथे रागाचे स्वर आहेत, राग नाही. भूप आणि देशकार यांचे आरोहावरोह तेच पाच स्वर घेतात. भूपात गंधाराला मान आहे, देशकारात धैवताला, आणि चलन, म्हणजे स्वरांतून फिरण्याची रीत, बदलले की राग बदलतो. नुसती स्वरांची शिडी दाखवून राग उभा राहत नाही. दुसरा आक्षेप सुरांच्या जागांचा. कळफलकावरचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. तोडीचा अतिकोमल गंधार त्या पट्ट्यांवर सापडत नाही, त्याचे आंदोलन, म्हणजे त्या स्वराचा हळुवार हेलकावा, तर नाहीच. मराठी श्रोत्याला हा वाद नवा नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारे बंद केली होती, आणि त्याच काळात महाराष्ट्रातल्या खासगी मैफलींत या हार्मोनियमच्या पेटीवाचून पान हलत नव्हते. पेटीने जे मिळवले ते सिंथेसायझरला मिळणारच नाही, असे मानायला जागा नाही. शिवाय सिंथेसायझरवर स्वर घसरवता येतो, पेटीवर येत नाही. या तबकडीत मींडेचा, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाण्याचा, भास जिथे होतो, तिथे ऐकणारा क्षणभर थबकतो.

हा आक्षेप सगळ्या दहा रागांना सारखा लागू होत नाही. मालकंस आणि कलावती या वादनात चांगले तरतात. स्वर पाचच, मध्ये ऐसपैस जागा, त्यामुळे यंत्राचा बास त्यांच्या अंगाने सहज चालतो. तोडी आणि ललत मात्र दबतात. ललतमध्ये दोन मध्यम शेजारी येतात आणि पंचम नसतो. ती हुरहूर श्वासाने लांबवायची असते, आणि सारखा पुढे ढकलणारा ठेका तिला तेवढी उसंत देत नाही.

पाच मिनिटांत राग कसा मांडणार, ही तक्रारही वारंवार येते. ती मला फारशी पटत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात लोकांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग ऐकला आणि त्यावर जीव टाकला. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासच आहे. वेळ कमी पडला हे या तबकडीचे दुखणे नव्हे.

खरे दुखणे तालात आहे. ३०३ मध्ये एका वेळी सोळा घरांचा साचा भरता येतो. तीनतालाच्या सोळा मात्रा आठवून कोणाला हा योग सुंदर वाटेल, पण साम्य आकड्यापुरतेच आहे. डिस्कोत प्रत्येक ठोक्यावर मोठा ढोल पडतो, सगळे ठोके सारख्या वजनाचे. खाली-भरी, म्हणजे हलक्या-जड मात्रांचा भेद, नाही, म्हणून समेची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहणे नाही, आणि समेवर आल्यावर नकळत हलणारी मान नाही. तबला काढून टाकताना चरणजित यांनी नुसते एक वाद्य काढले नाही. आवर्तनाची अपेक्षाच काढून घेतली. तिच्या जागी आली ती न तुटणारी सलगता. वरचा राग ऐकत असताना खालचा बास तंबोऱ्यासारखा षड्जाभोवती घुमत राहतो आणि ठेक्याचे कामही तोच करतो. ज्या श्रोत्यांना हा बदल रुचला त्यांनी तबकडीला संमोहक म्हटले. ज्यांना रुचला नाही त्यांना तिसऱ्या-चौथ्या रागानंतर कंटाळा आला. दोघांनीही एकाच गोष्टीचे नेमके वर्णन केले आहे.

वादकाचे स्वतःचे मत

चरणजित यांनी आपल्या कामांमध्ये या तबकडीला सर्वांत वरचे स्थान दिले. बाकीच्या तबकड्यांवर चित्रपटांची गाणी होती, ती आपण फक्त वाजवली, ही मात्र आपली रचना, असे ते म्हणत. आयुष्यभर दुसऱ्याच्या चाली वाजवलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य आहे, म्हणून त्याला वजन आहे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपात बोलावणी आली आणि नातवंडांच्या वयाच्या, उभ्याने नाचणाऱ्या श्रोत्यांसमोर त्यांनी हे राग पुन्हा वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

रागांचा क्रम

तबकडीची सुरुवात भैरवीने होते. मैफलीची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला पहिला धक्का इथेच बसतो. आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधू लागतात. भैरवी मुळात सकाळची हे ध्यानात घेऊन पुढे ऐकले की क्रमाला अर्थ येतो. पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी आणि मधुवंती. म्हणजे पहाटेपासून दुपार कलेपर्यंतचा वेळ. यात भूपाळी म्हणजे भूप तेवढा रात्रीचा, पण नेमक्या त्याच जागी सकाळचा देशकार शोभला असता, आणि भूपाळी हे नाव मराठी घरात तर पहाटेचेच. दुसऱ्या बाजूला आधी पावसाचा मेघमल्हार, मग संध्याकाळचा यमन, रात्रीचे कलावती आणि मालकंस, शेवटी पहाटेचा बैरागी. डिस्को ही रात्रभर चालणारी गोष्ट. तिच्या ठेक्यावर चरणजित यांनी अख्ख्या दिवसाचा फेरा वाजवला आहे. पुनर्मुद्रणाभोवतीच्या गदारोळात चर्चा वर्षांच्या हिशेबाची झाली, प्रहरांच्या हिशेबाची जवळजवळ नाही. बैरागी संपल्यावर तबकडी उलटून पुन्हा पहिली बाजू लावली, तर भैरवी लागते आणि बैरागीने आणलेली सकाळ तशीच पुढे चालू राहते.