यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन (पाणबुडी)

यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन ही अमेरिकन नेव्हीची पाणबुडी, अणुऊर्जेवर चालणारी आणि बॅलिस्टिक मिसाईल घेऊन फिरणारी जगातली पहिली. खरंतर ती बांधायला घेतली तेव्हा मिसाईलचा विषयच नव्हता. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि अमेरिकेत मिसाईलवाल्या पाणबुडीची एकदम घाई सुरू झाली, नवीन डिझाईन करत बसायला वेळ नाही म्हणून अमेरिकेतल्या ग्रॉटनच्या इलेक्ट्रिक बोट यार्डात तयार होत असलेली स्कॉर्पियन नावाची अ‍ॅटॅक पाणबुडीच (म्हणजे शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या बुडवणारी) मधोमध कापली आणि सुमारे ४० मीटर लांबीचा मिसाईलचा भाग मधे जोडला, त्यात १६ उभ्या नळ्या. स्कॉर्पियन हे नाव मग दुसऱ्या पाणबुडीला गेलं, ती १९६८ ला अटलांटिकमध्ये ९९ जणांसकट बुडाली.

३० डिसेंबर १९५९ ला जॉर्ज वॉशिंग्टन नेव्हीत दाखल झाली. २० जुलै १९६० ला केप कॅनव्हरलजवळ तिने पाण्याखालूनच पोलॅरिस नावाचं मिसाईल डागलं, म्हणजे दाबलेल्या हवेने ते वर ढकलायचं आणि इंजिन पेटायचं ते पाण्याबाहेर आल्यावर. पहिली गस्त त्याच नोव्हेंबरात, सलग ६६ दिवस. क्रू दोन असायचे, ब्ल्यू आणि गोल्ड, एक परत आला की दुसरा चढणार, त्यामुळे पाणबुडी बंदरात फार थांबायचीच नाही. सुरुवातीच्या पोलॅरिसचा पल्ला साधारण २२०० किमी होता म्हणून रशियाच्या बऱ्यापैकी जवळ राहावं लागायचं, पुढे पोलॅरिसचं ए-३ हे नवं मॉडेल आलं आणि पल्ला ४६०० किमी झाला. एकूण ५५ गस्ती झाल्या, शत्रूवर मिसाईल एकदाही सोडावं लागलं नाही.

तरी दोन माणसं तिच्यामुळे गेली, आणि माझ्या मते तिच्या इतिहासात हे ठळकपणे यायलाच हवं. ९ एप्रिल १९८१ ला पूर्व चीन समुद्रात ती निश्शो मारू या जपानी मालवाहू जहाजाला खालून धडकली, पाणबुडीचं किरकोळ नुकसान झालं पण जहाज पंधराएक मिनिटांत बुडालं. १३ खलाशांना दुसऱ्या दिवशी जपानी विनाशिकांनी (युद्धनौकांनी) वाचवलं, दोघं मात्र गेले. अमेरिकेने जपान सरकारला कळवायलाच जवळपास दीड दिवस लावला, तिकडे लोक भयंकर चिडले आणि ते चिडणं रास्तच होतं. नंतर अमेरिकेने जबाबदारी घेतली.

पुढे मिसाईल उतरवली, थोडा काळ ती अ‍ॅटॅक पाणबुडी म्हणून चालली, जानेवारी १९८५ ला निवृत्त झाली आणि १९९८ पर्यंत अमेरिकेतल्याच प्यूजेट साऊंडच्या नेव्ही यार्डात तोडून झाली.