एल्कचा मीलनकाळ आणि परभक्षी

उत्तर अमेरिकेतील एल्क किंवा वापिटी (शास्त्रीय नाव : सर्व्हस कॅनडेन्सिस) हा हरणांच्या कुळातला थोराड प्राणी. प्रौढ नराचे वजन तीनशे किलोच्या वर जाते, मादीचे सव्वादोनशेच्या आसपास असते. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्क माजावर असतात. या काळात लांडगे, ग्रिझली अस्वले, पुमा आणि माणूस यांच्या धास्तीने त्यांच्या वागण्यात काय फरक पडतो, हा प्राणिवर्तनाच्या अभ्यासातला बराच खल झालेला प्रश्न आहे. माद्यांच्या वागण्यात फरक लगेच दिसतो. नर त्या दिवसांत परभक्ष्यांची फारशी पर्वा करत नाहीत आणि त्याची किंमत पुढे हिवाळ्यात मोजतात.

माजावर आलेला नर माद्यांचा घोळका गोळा करतो आणि दिवसरात्र तो राखत बसतो. दुसरा नर जवळ आला की त्याला हुसकायचे, बाजूला सरकणाऱ्या मादीला वळवून आत आणायचे, झुडपांवर शिंगे घासायची, स्वतःच्याच मुत्राने भिजलेल्या चिखलात लोळायचे, असा त्याचा दिनक्रम असतो. त्याची शीळ प्रसिद्ध आहे. ती खालच्या पट्टीत सुरू होते, चढत चढत चार हजार हर्ट्झच्या आसपास पोचते आणि शेवटी घशातल्या खाकरण्यासारख्या आवाजांत संपते. एवढ्या धुडाच्या तोंडून इतका बारीक स्वर निघेल असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतच नाही. या धामधुमीत चरणे जवळजवळ सुटते आणि हंगाम संपेपर्यंत वजनाचा पाचवा हिस्सादेखील उतरू शकतो. ज्या आवाजाने आणि वासाने माद्यांना त्याचा पत्ता लागतो, त्यानेच तो लांडग्यांनाही लागतो. लपून राहून माद्या मिळवण्याची सोय एल्कला नाही.

परभक्ष्यांचा परिणाम वेगळा काढून मोजायचा, तर परभक्षी असलेली आणि नसलेली अशी दोन ठिकाणे हवीत. अमेरिकेत ती आयती मिळाली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडण्यात आले. कोलोरॅडोतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात मात्र त्या काळात लांडगेही नव्हते आणि ग्रिझलीही. तिथले मूळ एल्क एकोणिसाव्या शतकातल्या बेसुमार शिकारीत संपले होते आणि १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहूनच नवे एल्क आणून वसवले गेले. म्हणजे वंश बराचसा एकच, फक्त शेजार वेगळा. दोन्हीकडच्या कळपांची माजाच्या काळातली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. कोलोरॅडोच्या माद्या अधिक वेळ मान खाली घालून चरत होत्या. यलोस्टोनमधल्या माद्यांचा अधिक वेळ मान वर करून कानोसा घेण्यात जात होता, आणि पाडस बरोबर असलेल्या माद्या सर्वांत सावध होत्या. मान वर करून उभे राहणे नरांमध्येही पुष्कळ दिसते, पण त्यांची नजर बहुतेकदा प्रतिस्पर्ध्यावर किंवा घोळक्यातल्या मादीवर खिळलेली असते. म्हणून ‘सावधपणा’ हा एकच आकडा दोघांना लावला तर फसगत होते.

यलोस्टोनच्या आतही सगळीकडे सारखी धास्ती नाही. उद्यानाच्या उत्तर टोकाला मॅमथ हॉट स्प्रिंग्ज ही छोटी वसाहत आहे. तिथे जुन्या लष्करी ठाण्याच्या इमारतींसमोर, पाणी घातलेल्या हिरवळीवर माद्या निवांत रवंथ करत बसलेल्या असतात आणि नर रस्त्याच्या मधोमध शिळा घालत फिरतो. माणसांच्या वर्दळीत लांडगे सहसा येत नाहीत. माणूस इथे एल्कची ढाल ठरतो. वैतागलेला नर उभ्या मोटारींना शिंगांनी धडक देतो, म्हणून सप्टेंबरमध्ये रेंजर पर्यटकांना मागे हटवण्यातच गुंतलेले असतात. नियमानुसार एल्कपासून किमान २३ मीटर आणि लांडगा-अस्वलापासून ९१ मीटर लांब राहावे लागते. फोटोच्या नादात पहिला नियम सर्रास मोडला जातो.

उद्यानांच्या बाहेर हीच ढाल उलटी होते. अनेक राज्यांत धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम नेमका सप्टेंबरमध्ये येतो आणि शिकारी नराची शीळ किंवा मादीची साद हुबेहूब काढून एल्कला जवळ बोलावतात. मोंटॅना आणि आयडाहोतल्या शिकाऱ्यांची तक्रार असते, की लांडगे आल्यापासून एल्क मुके झाले. पण खोट्या शिळेला फसून कळपातले नर बळी पडत असतील, तर उरलेल्यांनी गप्प राहायला शिकण्यासाठी लांडग्यांचीच गरज आहे असे नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रेडिओ पट्टे लावलेल्या एल्कवरून दिसले, की जास्त फिरणारे, उघड्यावर येणारे प्राणी शिकाऱ्यांच्या हाती अधिक लागतात आणि बुजरे वाचतात. माद्या तर वयाबरोबर शहाण्या होत जातात. नऊ-दहा वर्षे ओलांडलेली मादी शिकाऱ्याला जवळपास सापडतच नाही.

ग्रिझलींसाठी हा काळ हिवाळी झोपेपूर्वी चरबी साठवण्याचा. लढाईत जखमी झालेला किंवा दमून गेलेला नर त्यांना सोयीचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये हेडन खोऱ्यात ७९१ क्रमांकाच्या ग्रिझलीने एका मोठ्या नराला यलोस्टोन नदीच्या पाण्यात गाठून मारले. धूड काठावर ओढून त्याने ते मातीने झाकले आणि कित्येक दिवस त्यावर पहारा दिला. पर्यटक रांगा लावून ते पाहत होते.

लांडग्यांच्या सततच्या ताणाने माद्यांची गर्भधारणाच कमी होते का, यावर मतभेद झाले. २००७ साली एका संशोधक गटाने विष्ठेतील प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे संप्रेरक) मोजून असे दाखवले, की लांडग्यांचे प्रमाण जास्त तिथे हे संप्रेरक कमी आणि पाडसेही कमी. २०१३ साली वायोमिंगमधल्या माद्यांवर झालेल्या अभ्यासात मात्र लांडग्यांशी वारंवार गाठ पडूनही माद्यांची चरबी किंवा गर्भधारणा घटलेली आढळली नाही. दुसऱ्या अभ्यासाचे पारडे जड वाटते, कारण त्यात त्याच मादीच्या लांडग्यांशी झालेल्या गाठी आणि तिची शरीरस्थिती जोडून पाहिली होती. माजाची वेळ तर लांडगे ठरवत नाहीतच. ती लहान होत जाणाऱ्या दिवसावर अवलंबून असते. सुमारे साडेआठ महिन्यांनी, मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत, बहुतेक पाडसे थोड्याच दिवसांत एकदम जन्मतात. एकाच वेळी इतकी पाडसे असली, की अस्वलांना ती सगळी खाऊन संपवता येत नाहीत. एल्कचा नातलग असलेला काश्मीरचा हंगुलही शरदातच माजावर येतो.

नरांवरचा खरा परिणाम दिसतो तो बर्फ पडल्यावर. मोंटॅनातील गॅलाटिन खोऱ्यात हिवाळ्यात केलेल्या निरीक्षणांत लांडगे जवळ आले की माद्यांचा सावधपणा वाढे, नरांचा फारसा वाढत नसे. धोका मात्र नरांनाच अधिक होता. मारल्या गेलेल्या नरांच्या हाडांतल्या मगजात फारशी चरबी उरलेली नसे, म्हणजे शरीरातला शेवटचा साठाही संपत आलेला असे. माजात उपाशी राहिलेल्या प्राण्याला मान वर करून उभे राहणे परवडत नाही. मिळेल तो वेळ त्याला चरण्यातच घालवावा लागतो.

याच हिवाळ्यात शिंगांचा प्रश्न येतो. मीलनकाळ संपल्यावर शिंगांचे काम संपायला हवे. उत्तर अमेरिकेतली इतर हरणे ती लवकर टाकूनही देतात, पण एल्कचे नर मार्चपर्यंत ती डोक्यावर वागवतात. यलोस्टोनमध्ये २००४ ते २०१६ या काळात गोळा केलेल्या माहितीवरून २०१८ साली याचे कारण पुढे आले. नरांच्या टोळक्यात एखाद्याची शिंगे आधी झडली असली, की लांडगे मुद्दाम त्यालाच निवडत. विशेष म्हणजे आधी शिंगे टाकणारे नर इतरांपेक्षा धष्टपुष्ट असत. लांडग्यांच्या दृष्टीने शस्त्र नसणे हे अशक्तपणापेक्षा महत्त्वाचे ठरत होते. असे असूनही लवकर शिंगे टाकणारे नर नाहीसे झालेले नाहीत. शिंगे आधी झडली की नवी आधी फुटतात, वाढायला जास्त दिवस मिळतात आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती अधिक मोठी होतात. मोठी शिंगे म्हणजे जास्त माद्या. मार्चमध्ये लांडग्यांच्या तावडीतून सुटलेल्या नराला हा फायदा मिळतो.